परसातला पाला

किस्सा सांगतो, पण आधी एक शंका नोंदवून ठेवतो. तो जानेवारी होता की डिसेंबरचा शेवट, हे मला नीट आठवत नाही. शेजारच्या टेंभरेभाऊंचा हरभरा तेव्हा फुलावर होता की त्याला घाटे धरले होते, यावरही आमच्या घरात दोन मतं आहेत. घोटाळा कोणी केला, याबद्दल मात्र एकमत आहे.

सुरुवात हिच्या गुडघ्यांपासून करावी लागेल. थंडीत सकाळी ते वाकायचेच नाहीत. कढत पाण्याने शेकले की मग ही घरात हिंडू-फिरू लागायची. पण त्यासाठी चुलीवरून पाण्याचं पितळी गुंड उतरवावं लागे, आणि ते उतरवलं की कंबर धरायची. म्हणून कॅनडातल्या मुलाने हीट पंप घेऊन दिला. परसात ठेवलेलं हे यंत्र बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवतं आणि गार झालेली हवा पुढून फेकतं. हे तत्त्व मी कॉलेजात आयुष्यभर शिकवलं. कृपया हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

यंत्र मुलाने तिकडच्या अंदाजाने निवडलेलं. आम्ही दोघं, आणि ते एखाद्या धर्मशाळेला पुरेल एवढं. सुरू झालं की समोरची तुळस थरथरायची.

एका सकाळी त्याच्या पडद्यावर बर्फाची चांदणी उमटली. मी पुस्तिका वाचली. गोठण्याइतकी थंडी जाणवली की हे यंत्र आपल्या नळ्या वाचवण्यासाठी टाकीतलं गरम पाणी त्यांच्यातून फिरवतं. थोडक्यात, हिच्या गुडघ्यांचं पाणी यंत्र स्वतःच्या आंघोळीला वापरत होतं.

"कोमट हाय," ही न्हाणीतून म्हणाली.

"त्याला थंडी वाजते आहे."

"कोनाले?"

"यंत्राला."

"अन् मले काय वाजून राह्यलं?"

प्रश्न रास्त होता. आमच्याकडे थंडीत वासराला तणसाचा, म्हणजे पेंढ्याचा, आडोसा करतात. मी टेंभरेभाऊंकडून धानाचं तणस आणलं, यंत्राला तीन बाजूंनी भिंती केल्या, वर छप्पर घातलं आणि पुढे गोणपाटाचा पडदा सोडला. काम चांगलं झालं होतं. वासरू असतं तर सुखाने राहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी चांदणी जास्त वेळ राहिली. मी अनुमान काढलं की थंडी वाढली. छपरावर हिची जुनी गोधडी घातली. पाण्याचं तापमानही वाढवून ठेवलं, म्हणजे यंत्राची आंघोळ होऊन आपल्यासाठी काही उरेल. त्यानंतर चांदणी जाईचना.

टेंभरेभाऊंचं शेत आमच्या परसाला लागून. आपल्या तणसाचं मी काय केलं, ते बघायला ते आले आणि यंत्राच्या आकड्याशी थबकले.

"सर, हे एक काय दाखवते?"

"बाहेरचं तापमान. एक डिग्री."

"बाप्पा. मंग पाला पडते का?"

पाला म्हणजे आमच्याकडे पिकं करपवणारं गोठलेलं दंव. दुसरा कोणी असता तर सरळ "नाही" म्हणाला असता. मला कुठल्याच प्रश्नाला नाही म्हणता येत नाही, हौही म्हणता येत नाही. मी म्हणालो, "शक्यता नाकारता येत नाही."

ते पानठेल्यावर पोचेपर्यंत याचं "सरनं सांगितलं, आज पाला हाय" असं झालं होतं. तिथे कोणी शंका काढली, तर ठेलेवाल्याने त्याला गप्प केलं, "विदेशी मशीन है भाऊ, झूठ थोडी बोलेगी." ओल्या जमिनीत पाला कमी बाधतो, म्हणून दुपारपर्यंत आमच्या बाजूच्या सगळ्या हरभऱ्याला पाणी सुटलं. दिवस मावळायच्या सुमाराला बांधाबांधावर ओलसर तणस पेटवून धूर करायला लोक लागले.

टेंभरेभाऊ परत आले. "सर, तणस कमी पडून राह्यलं. हे नेऊ का?"

एकीकडे त्यांचं पीक, दुसरीकडे थंडीने काकडणारं यंत्र आणि हिचे गुडघे. मी हिच्याकडे पाहिलं.

"माह्याकडे काहून पाहून राह्यले? तसंही कोमटच येते," ती म्हणाली. "न्या भाऊ. माही गोधडी तेवढी ठेवा."

त्यांनी भिंती नेल्या, छप्पर नेलं, गोणपाटही नेलं. आता यंत्र उघड्यावर गोठणार आणि मुलाला काय तोंड दाखवणार, या काळजीत मी आडवा झालो.

सकाळी न्हाणीतून वाफ येत होती. पाणी इतकं कढत की हिला त्यात गार मिसळावं लागलं. चांदणी गेली होती. पडद्यावर नऊ होते. पाला कुठेच पडला नव्हता.

धुराने लाल झालेले डोळे घेऊन टेंभरेभाऊ हरभऱ्याची भाजी द्यायला आले. "सर, धुरानं पाला पयवला. तुमी नसते सांगितलं त लय नुसकान होतं."

धुराचा थर जमिनीची उष्णता कसा धरून ठेवतो, हे मी त्यांना समजावून सांगितलं. आमच्या पाण्यालाही त्याचाच फायदा झाला, असंही सांगितलं. ते मान हलवत होते. मीही हलवत होतो.

पुढे दर थंडीत मी यंत्राला आडोसा करायचो, चांदणी यायची, मी शक्यता नाकारायचो नाही आणि तणस धुराला जायचं. हिला कढत पाणी मिळायला दर वर्षी अख्ख्या शिवाराला घाबरवावं लागे.

काही वर्षांनी आवरताना कॉलेजातले दोन जुने थर्मामीटर सापडले. एक तुळशीपाशी टांगला, दुसरा गोणपाटाच्या पडद्याआड, यंत्र हवा फेकतं तिथे. तुळशीपाशी अकरा होते. आत, माझ्या तणसाच्या उबेत आणि हिच्या गोधडीखाली, एक.