पंखाखालचं काळं

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी सांगत असते. बाबा भनपुरीच्या कारखान्यात मशीनवर होते. पक्ष्यांच्या सर्वेक्षणात हिवाळाभराचं काम निघालं. मला ते हवंच होतं. चाचणीला स्कूटरवर बाबाच घेऊन आले.

शहराबाहेरच्या त्या तलावाच्या काठी, चिखलात एकच पक्षी होता. चाचणी घेणाऱ्या सरांनी विचारलं, हिरवी तुतवार की ठिपक्यांची? दोघीही तपकिरी, सारख्याच. ठिपक्यांच्या तुतवारीची पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, हिरवीची डोळ्यापाशीच संपते. पाय एकीचे पिवळट, दुसरीचे हिरवट. पण ही आमच्याकडे पाठ करून उभी, आणि पाय चिखलानं माखलेले. मी दुर्बीण धरून थांबले. थांबायचंच असतं. सरांनी काठाकडे निघतानाच बजावलं होतं, पक्षी उडवणाऱ्याला टीममध्ये जागा नाही, सोबतच्यानं उडवला तरी नाही. तेव्हा बाबा स्कूटर लावायला गेले होते.

बाबांना वेगळंच माहीत होतं, तेही माझ्याकडूनच. जेवताना मी रोज पाठ करायची: उडाली की पंखाखाली पाहायचं, काळं असलं तर हिरवी, पांढरट असलं तर ठिपक्यांची. त्यावर ते हसलेही होते. हिरवीत हिरवं काहीच नाही, मग नाव ठेवणाऱ्याले दिसत नव्हतं काय म्हणे.

मी अडकले असं त्यांना वाटलं. ते काठापर्यंत उतरले आणि जोरात टाळी वाजवली.

पक्षी उडाला. पंख खालून काळेभोर.

"काळं दिसलं ना, पोट्टे? मंग हिरवीच."

"हिरवीच, बाबा."

सरांनी दुर्बीण परत मागितली. रागावले नाहीत. "जवाब सही है, बेटा," एवढं मोठ्यानं म्हणाले. पुढचं हळू, फक्त मला: "लेकिन नियम आपने सुना था." बाबांनी पहिलंच तेवढं ऐकलं.

परतताना वाटभर बाबा तेच बोलत होते. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, शिरल्यावर भाजीवाल्या दीदीपाशी स्कूटर थांबवली आणि सांगितलं, पोट्टी पास झाली, साहेब स्वतः म्हणाले. दीदीनं माझ्याकडे पाहिलं.

"नौकरी पक्की?"

बाबाही वळून माझ्याच तोंडाकडे पाहत होते. एवढं खूश मी त्यांना निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

"हव, पक्की," मी म्हटलं.