बालाजीची पात

बालाजी गेल्याचं मला कळलं तेव्हा तो ऑनलाइन होता. हे मी चेष्टेनं लिहीत नाही. संध्याकाळ उलटून गेली होती, धाराशिवातल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासची शेवटची बॅच नुकतीच सुटली होती आणि त्याच्या गावाहून शेजारच्या सखूबाईंचा फोन आला. "सर, बालाजी गेला. त्याची आई सोता चालत आली आन् सांगून गेली. रडलीसुदिक न्हाय." फोन कानाला तसाच धरून मी समोरच्या पडद्याकडं बघितलं. त्याच्या कंपनीची किरकोळ कामं मीही करत असे, त्यामुळं तिथं सगळ्यांची नावं ओळीनं दिसायची आणि जो कामावर बसलाय त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका. बालाजीच्या नावापुढं हिरवा ठिपका होता. मी सखूबाईंना म्हणालोसुद्धा, "अहो, काहीतरीच काय, तो तर कामावर बसलाय." आणि माझ्या देखत तो ठिपका पिवळा झाला…

याला आता दीड महिना होत आला. गावानं त्याला विसरायला सुरुवात केली आहे आणि कंपनीनं तर ते काम दुसऱ्याच दिवशी उरकलं. मला मात्र अजून राग येतो, आणि राग आला की मला लिहावं लागतं.

सोलापूरला इंजिनिअरिंगला आम्ही एका खोलीत राहिलो. मी धाराशिव शहरातला, तो येडशीच्या डोंगराखालच्या एका गावातला. वडील तो शाळेत असतानाच गेलेले. थोडं बरड रान आणि आईची रोजंदारी यावर तो शिकला. त्याच्या आईला मी पहिल्यापासून काकू म्हणतो. बालाजी फार हुशार म्हणावा असा नव्हता, चिवट होता. एखादा प्रोग्रॅम चालत नसला की आम्ही त्याला शिव्या घालून चहाला जायचो, हा तिथंच बसायचा. पुढं पुण्यात नोकरी लागली. आधी दुसऱ्यांनी लिहिलेल्यातल्या चुका शोधायचं काम, मग स्वतः लिहायचं. पगार बरा झाल्यावर त्यानं हौसेनं आईला फ्लॅटवर नेलं. काकूंनी पिशवीत खुरपं घेतलं होतं. गॅलरीत बसून बसून त्या कंटाळल्या आणि एका दुपारी सोसायटीच्या बागेत उतरून त्यांनी तिथलं सगळं तण साफ करून टाकलं. ते शोभेचं गवत होतं, चांगलं महागाचं. वॉचमननं चारचौघांत दरडावलं, सेक्रेटरीनं गेटवर नोटीस लावली आणि तीत 'अशिक्षित नातेवाईक' असे शब्द घातले. बालाजीनं ती आईला वाचून दाखवली नाही, पण माणसांची तोंडं वाचायला शाळा लागत नाही. "मला गावाकडं सोड बाबा," काकू म्हणाल्या, "इथं गवताला बी मालक हाय." त्यानं आठवड्याच्या आत त्यांना आणून सोडलं.

कोरोनात सगळ्यांबरोबर तोही लॅपटॉप घेऊन गावी आला आणि सगळे परत गेले तेव्हा हा गेला नाही. कंपनीनं बोलावलं तर यानं राजीनामा दिला आणि घरून करायची दुसरी नोकरी धरली. पगार कमी, गिऱ्हाईक युरोपातलं, त्यामुळं काम दुपारी सुरू व्हायचं ते मुक्कामी एसटी गावात शिरेपर्यंत. धान्याची खोली रिकामी करून तीत टेबल टाकलं, इन्व्हर्टर आणला. पारावर चर्चा अशी की, "एवढं शिकून आईच्या पदराखाली येऊन बसलंय." उमरग्याकडचे पाहुणे मुलगा बघायला आले, त्या दिवशी मी तिथंच होतो. मुलीच्या वडलांनी विचारलं, "कंपनी कुठं हाय म्हणायची?" बालाजीनं टेबलाकडं बोट दाखवलं. गृहस्थ उठले, टेबलाभोवती एक चक्कर मारून आले आणि जाताना मध्यस्थाला म्हणाले, "पोरगं दिसभर घरातच असतंय. दुखणंबिखणं हाय का, नीट बघा." दुखणं होतं, पण ते तेव्हा आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पाहुण्यांचा निरोप काही आला नाही. पोहे मात्र दोनदा मागून घेतले होते.

कंपनीनं त्याच्या लॅपटॉपवर एक पहारेकरी बसवला होता. म्हणजे प्रोग्रॅमच तो. कीबोर्ड किंवा माऊस थोडा वेळ हलला नाही की हिरवा ठिपका पिवळा करायचा आणि कोण किती पिवळा झाला हे पुण्यातल्या लीडला कळवायचा. लीड म्हणजे त्यांच्या टोळीचा मुकादम. डोळे मिटून विचार करत बसलं तरी पिवळा, जेवायला उठलं तरी पिवळा. शहरातली पोरं यावर माऊस आपोआप हलवणारं यंत्र विकत घेतात. बालाजीनं आईला शिकवलं. माऊसला काकू 'डबी' म्हणायच्या. हा जेवायला उठला की त्या पदराला हात पुसून शेजारच्या पत्र्याच्या डब्यावर बसायच्या आणि डबी इकडून तिकडं, तिकडून इकडं फिरवत राहायच्या. "जेव तू निवांत, मी हाय इथं." पहिल्यांदा ते बघून मला हसू फुटलं. काकूंना त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. खुरपायला गेलं की प्रत्येक बाईला एक पात मिळते, म्हणजे या बांधापासून त्या बांधापर्यंत खुरपत न्यायचा पट्टा. त्या सांगायला लागल्या, "एकडाव माझ्या सासूला ऊन लागून भवळ आली. मुकादम म्हणला, पात अर्धी तर रोज बी अर्धा. आमी तिला बाभळीखाली निजवलं आन् म्या दोन्ही पाती धरल्या, दिस मावळंस्तोवर. घरच्या माणसाची पात घरच्यानं धरायची असती. अर्धी टाकून उठायचं नसतंय." त्यानंतर मी कधी हसलो नाही. बालाजी स्वयंपाकघरात शांतपणे भाकरी खायचा आणि आतल्या खोलीत त्याच्या नावानं काकू कामावर असायच्या.

मागच्या हिवाळ्यात आम्ही येडशीजवळच्या रामलिंगच्या देवळात गेलो होतो. पायऱ्या चढून वर येताना तो मध्येच बसला, घामानं डबडबलेला. छातीत जळजळतंय म्हणाला. जळजळीवर तो महिनाभर सोडा पीत होता, हे मला तेव्हा कळलं. मी त्याला ओढूनच धाराशिवच्या एका डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, पुनःपुन्हा बघितली आणि सांगितलं, सोलापूरला जाऊन हृदयाची तपासणी करून घ्या, लांबवू नका. त्यानं सुट्टी मागितली. नेमकं त्याच आठवड्यात कंपनीनं टोळीतली अर्धी माणसं काढली. सगळ्यांना मीटिंगला बोलावलं, माईक बंद करायला सांगितले आणि लीडनं नावं वाचली. आता मशीनच बराचसा प्रोग्रॅम लिहितं, म्हणून. जे वाचले त्यांच्या अंगावर गेलेल्यांची कामं आली. सुट्टीचं विचारल्यावर लीड म्हणाला, "रिलीज होऊ दे रे, मग निवांत जा." रिलीज म्हणजे नवा प्रोग्रॅम गिऱ्हाइकाच्या हातात देणं. ती झाली की पुढची असायचीच. मी फोनवर बालाजीला झापलं, "गाढवा, छाती तुझी आहे का कंपनीची?" तो चिडला नाही. "दोन-तीन दिवस पिवळा राहिलो की पुढच्या यादीत माझं नाव. घरून काम देणारं आता कुणी उरलं न्हाय. मग परत पुणं न्हायतर हैदराबाद… आन् आई?" मग म्हणाला, "तिथं गवताला बी मालक असतंय." हे म्हणून तो हसला. मला हसू आलं नाही. एका हिरव्या ठिपक्यावर या माणसाचं गाव, घर, आई सगळं टांगलेलं होतं आणि तो ठिपका टिकवायला हा छाती दाबून बसला होता.

त्या दिवशी काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. रात्री तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले, दुपार कलताना गेला असणार, टेबलावर डोकं ठेवून, बसल्या जागी. म्हणजे सखूबाईंच्या फोनच्या कितीतरी आधी. हे गावात फिरायला वेळ लागला नाही. तेराव्याला बुंदीवर ताव मारता मारता कुणीतरी म्हणालंच, "शेजारी बसून आईला कळलं न्हाय व्हय?" काकू दारातच बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. कंपनीच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली आणि तिच्याच खाली बालाजीची कामं कुणाकडं गेली ते आलं. मग लीडचा मला फोन आला. खूप वाईट झालं म्हणाला, लॅपटॉप आणि चार्जर कुरिअरनं पाठवाल का म्हणाला, आणि मग घसा खाकरला. "सर, एक विचारायचं होतं. त्या दिवशी कीबोर्ड दुपारीच थांबलाय. माऊस मात्र शिफ्ट संपेपर्यंत चालू आहे, एकदाही पिवळा नाही. त्यांनी काही डिव्हाइस लावलं होतं का? पॉलिसीत बसत नाही ते. मला वर उत्तर द्यावं लागेल."

"नाही," मी म्हणालो. "आई होती."

"सॉरी?"

"डिव्हाइस नव्हतं. त्याची आई होती."

पलीकडं कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग तो म्हणाला, "ओके… मी तसं नोट करतो."

फोन ठेवल्यावर मी ती दुपार जुळवत बसलो. काकू चहा घेऊन गेल्या असणार, पोराला टेबलावर डोकं टेकून निजलेलं बघून त्यांचा जीव कळवळला असणार, त्याची झोप मोडू नये म्हणून त्यांनी डबी हातात घेतली असणार… आणि रात्र पडेपर्यंत त्या बाईनं मेलेल्या लेकाला झोपू दिलं. हा विषय त्यांच्यापुढं कधी काढायचा नाही, असं मी ठरवलं. एवढं तरी आपण त्यांच्यासाठी करू, असं मला वाटलं.

परवा रविवारी लॅपटॉप न्यायला गेलो. कंपनीची तिसरी आठवण आली होती. मी वायरी सोडवत होतो आणि काकू दाराला टेकून बघत होत्या. "डबी बी द्यायची?" त्यांनी विचारलं. म्हटलं, नाही, ती त्यानं स्वतः बाजारातून आणलेली, राहू दे. त्यांनी ती उचलून पदरानं पुसली. मग म्हणाल्या, "लोक म्हणत्यात, मला कळलं न्हाय."

"लोकांचं सोडा, काकू. तुम्हाला वाटलं झोप लागली. कुणालाही वाटलं असतं."

"न्हाय," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, बाजाराला गेल्याचं सांगावं तसा. "चहा घिऊन आले. डबीवर त्याचा हात हुता. डबी घ्यावी म्हणून हात उचलला, तर लुळा. वाकून नाकाम्होरं बोटं धरली… कळलं मला. वरडणारच हुते. तेवढ्यात समोर बघितलं तर दिवा हिरवाच. म्हणलं, वरडले तर माणसं येत्याल, मला उठीवत्याल, दिवा पिवळा हुईल. लेकराची पात अर्धी ऱ्हाईल. मंग बसले. एसटी आली तवा उठले."

मला त्या क्षणी काकूंची भीती वाटली, हे लिहून टाकतो. मग त्यांच्या हाताकडं लक्ष गेलं, खुरप्यानं घट्टे पडलेला तो हात डबी धरून होता, आणि मला रडू आवरेना. काकू रडल्या नाहीत. मी रडून होईपर्यंत त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "भाकरी केलीया. खाऊन जा."

हात धुऊन मी स्वयंपाकघरात पानावर बसलो. तिथून धान्याच्या खोलीचं दार समोरच येतं. लॅपटॉपच्या जागी टेबलावर तेवढाच एक चौकोन धूळ नसलेला दिसत होता. काकू पत्र्याच्या डब्यावर बसल्या, त्यांनी डबी टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवला. डबीची वायर टेबलावरून खाली लोंबत होती, तिच्या टोकाला काहीच नव्हतं. हात इकडून तिकडं, तिकडून इकडं फिरायला लागला. माझा घास हातातच राहिलेला त्यांनी बघितला असावा.

"जेव तू निवांत," त्या म्हणाल्या. "मी हाय इथं."