गाडी बाहेर, बिल्ले आत

अमेरिकेतल्या फ्लिंट गावातले मोटारींचे कारखाने एकेक करून बंद पडले, निम्मं गाव उठून गेलं, राहिलेल्यांपैकी बऱ्याच घरांच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या गेल्या. डेल्बर्ट प्रुसाकच्या गॅरेजात मात्र सगळं उबदार आणि चकचकीत होतं. घराला लागूनच असलेलं हे गॅरेज बांधलं तेव्हा त्यात दोन गाड्या सुखानं राहत. आता एक सायकल आडवी घालायची म्हटली तरी पंचाईत. भिंतींवर छतापर्यंत व्हीलकॅप, फळ्यांवर ऑइलचे जुने डबे, ॲशट्रे, कीचेन, पट्ट्याची बकलं, शोरूमची पिवळी पडलेली कॅलेंडरं, आणि मधोमध काचेच्या कपाटात गाड्यांच्या नावाचे बिल्ले. या मंडळींसाठी डेल्बर्टनं गॅसचा हीटर बसवून घेतला होता. क्रोमला गारठा बाधतो म्हणे. त्याची बायको वर्ना पहाटेच्या अंधारात बाहेर उभी राहून गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायची आणि शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जायची. तिला गारठा बाधत नसावा.

डेल्बर्टनं कारखान्यात उभ्या जन्मात एकच काम केलं. गाडी पुढे सरकत आली की तिच्या डिकीवर कंपनीच्या नावाचा बिल्ला बसवायचा. ती गेली की दुसरी. जाताना त्याचा जेवणाचा डबा भरलेला असे आणि येतानाही भरलेलाच. यात त्यानं काही जगावेगळं केलं नव्हतं. अख्खी पाळी तेच करायची, कुणी आरसा न्यायचा, कुणी पाने. डेल्बर्टच्या हाताला बिल्ले लागले, त्यानं बिल्ले नेले.

"खोट असलेले होते, फेकूनच देणार होते," असं तो अजूनही छाती पुढे काढून सांगे.

"इतक्या बिल्ल्यांत खोट होती?" वर्ना म्हणे. "मग कारखाना बुडाला यात नवल ते काय!"

कारखाना सुटला आणि त्याचे हात मोकळे झाले. मोकळ्या हातांना त्यानं जुन्या सामानाच्या दुकानांची वाट दाखवली. लोकांनी दान केलेल्या वस्तू स्वस्तात विकणारी दुकानं फ्लिंटमध्ये भरपूर. बाकी धंदे बसले, हा तेवढा तेजीत. चर्चच्या तळघरातलं एक, माजी सैनिकांचं एक, पुलापलीकडे अंधांच्या मदतीसाठी चाललेलं एक. नव्या मालाच्या पेट्या कुठे कोणत्या वारी उघडतात हे डेल्बर्टला तोंडपाठ होतं. बायकोचा वाढदिवस दर वर्षी त्याला कॅलेंडरच सांगायचं.

आणि या दुकानांत माल तरी कुठून येणार? एखादा म्हातारा जायचा. त्याची बायको चार दिवस रडायची आणि पाचव्या दिवशी त्याचं गॅरेज खोक्यांत भरून चर्चला पोचवायची. तिथून दुसरा म्हातारा ते उचलून आपल्या गॅरेजात मांडायचा आणि स्वतःच्या मरणापर्यंत पुसत बसायचा. तेच व्हीलकॅप, तेच ॲशट्रे, गावातल्या गावात फिरत होते. त्याच पाळीतला, बकलं जमवणारा हार्लन नोव्हॉटनी गेला तेव्हा त्याच्या दफनविधीला डेल्बर्ट इतका हमसून रडला की वर्नाला त्याचा दंड धरावा लागला. आठवडा उलटायच्या आत दुकान उघडण्यापूर्वीच हा दारात हजर. हार्लनची बकलं त्यानं घरी आणली आणि टेबलावर ओतली.

"बघ, बघ! हार्लननं मला कधी हातसुद्धा लावू दिला नव्हता यांना."

"आता कुठे अडवणार आहे बिचारा," वर्ना म्हणाली.

दर शनिवारी सकाळी गॅरेजात दरबार भरे. ऑर्विल टॅकेट आणि आणखी दोघे-तिघे, सगळे त्याच पाळीतले. स्टुलावर बसायचे, वर्नानं केलेली कॉफी ढोसायची, वर्नानं केलेला ॲपल पाय खायचा आणि एकेक बिल्ला उजेडात धरून मान डोलवायची. मग परदेशी गाड्यांच्या नावानं बोटं मोडायची. हा विषय निघाला की ऑर्विलला चेव यायचा. युनियनच्या हॉलबाहेर परदेशी गाड्या लावू नयेत, लावल्यास उचलून नेल्या जातील, अशी पाटी होती. ती आपणच लिहायला लावली असं तो सांगायचा. त्याच्या सख्ख्या भाच्यानं जपानी गाडी घेतली, तर ती दोन गल्ल्या पलीकडे ठेवून तो चालत मामाकडे येतो, हेही तो कौतुकानं सांगायचा. आपण किती निष्ठावंत, याचा डंका त्या हीटरच्या उबेत दर आठवड्याला वाजायचा. निष्ठा एवढी, आणि ज्या गाडीवर ती होती ती प्रुसाकांची गाडी दाराबाहेर मीठ आणि बर्फ खात उभी. फ्लिंटचे रस्ते हिवाळाभर मिठानं पांढरे असतात, आणि ते मीठ पत्रा कसा खातं हे आयुष्यभर गाड्या जोडणाऱ्या या महापुरुषांना कुणी शिकवायला हवं होतं असं नाही.

गेल्या हिवाळ्यात वर्ना गाडीशीच घसरली. एका हातात खरवडणी, दुसऱ्या हातात पर्स, आणि पाय गेला. डावं मनगट मोडलं. डॉक्टरनं प्लास्टर घालताना बजावलं, "मनगट सांधलं. या वयात खुबा मोडला तर अंथरूण सुटणार नाही, बाई. गाडी छताखाली ठेवा."

डेल्बर्ट शेजारीच उभा होता. घरी येताना म्हणाला, "काळजी करू नकोस. वसंतात गॅरेज मोकळं करून देतो."

वसंत आला नि गेला. मग म्हणाला, उन्हाळ्यात गॅरेजपुढे विक्री मांडू. विक्री मांडली. सकाळी सहा खोकी बाहेर निघाली आणि संध्याकाळी सात आत गेली, कारण पलीकडच्या गल्लीतही कुणीतरी विक्री मांडली होती. मग म्हणाला, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी नक्की.

"डेल, मी पडले तर तुला बेडपॅन द्यायला लागेल, एवढं ध्यानात ठेव," वर्ना म्हणाली.

"अगं, नुसतं उचलायचं नसतं गं. आधी निवडानिवड करावी लागते. कुठलं ठेवायचं, कुठलं द्यायचं..."

"माझी कर ना निवडानिवड. ठेवायची का द्यायची?"

त्यावर तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

नोव्हेंबरात गाडीनंच निकाल लावला. वर्ना ती मेकॅनिककडे घेऊन गेली, त्यानं ती वर उचलली, खालून पेचकस टोचला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. खालचा सांगाडाच मिठानं सडला होता. "ही मी तुम्हाला परत चालवू देणार नाही," तो म्हणाला. गाडी तिथूनच भंगारात गेली. डेल्बर्टनं शोक केला. किती गुणाची गाडी होती म्हणाला. मग भंगारवाल्याकडे जाऊन तिच्या डिकीवरचा बिल्ला काढून आणला, पुसला आणि कपाटात ठेवला. वर्ना दारात उभी राहून बघत होती. 

तिच्याबरोबर स्वयंपाकघरात काम करणारी ट्रूडी मुलीकडे ॲरिझोनाला निघाली होती. तिची छोटी निळी गाडी विकायची होती. जपून वापरलेली, बसायची जागा बटणासरशी गरम होणारी, आणि कोरियन. वर्नाचा बापही त्याच कारखान्यात राबला होता आणि परदेशी गाडीत बसलेल्या माणसाशी तो बोलत नसे. गाडी घरी आणताना ती मुख्य रस्ता सोडून मागच्या गल्ल्यांतून आली, हे खरं. पण बुडाखालची ती ऊब मोडलेल्या मनगटापर्यंत पोचली तेव्हा तिनं मनात बापाची माफी मागितली आणि घराच्या दारात, गॅरेजपुढच्या उतारावर, गाडी उभी केली.

डेल्बर्ट बाहेर आला. त्यानं गाडीचा पुढचा बिल्ला पाहिला आणि त्याचा चेहराच उतरला.

"कुणी पाहिलं का तुला येताना?"

"बँक लुटून नाही आलेय, डेल."

"वर्ना, अगं, अख्खी गल्ली... ऑर्विल रोज सकाळी इथूनच जातो!"

"मग हात कर त्याला."

ती भांडायच्या तयारीत होती. पण तो भांडला नाही. सरळ आत गेला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ती कामावरून परतली तेव्हा गॅरेजचं दार सताड उघडं होतं आणि आत जमीन दिसत होती. भिंतींवर नुसते खिळे. कपाट नाही, डबे नाहीत, व्हीलकॅप नाहीत. पुतण्याचा ट्रक मागून आणून त्यानं दिवसभर फेऱ्या मारल्या होत्या. सगळं चर्चच्या दुकानात देऊन टाकलं होतं, बिल्ल्यांसकट. डेल्बर्ट मधोमध झाडू घेऊन उभा, घामानं निथळत.

 इतकी वर्षं या माणसाला आपण टोचून बोललो, आणि यानं आपल्यासाठी सगळं काळीजच उचलून देऊन टाकलं, असं तिला वाटलं. हीटर चालू होता. गाडी तिनं हळूच आत घेतली. बर्फ नाही, खरवडणं नाही, कोरडी फरशी. उतरून ती त्याच्या गळ्यात पडणार, इतक्यात तो घाईघाईनं म्हणाला, "दार लाव. लवकर लाव आधी. ऑर्विलची परतायची वेळ झालीय. आणि हे बघ, सकाळी अंधारातच काढत जा, आणि आलीस की लगेच आत. शनिवारचं मी फोन करून रद्द केलंय, सर्दी झालीय म्हटलं."

वर्नाचा हात दाराच्या बटणापाशीच थांबला.

"हे तू गाडी लपवायला केलंस?"

"मग? दारात ठेवू ती? तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

"माझं मनगट मोडलं तेव्हा तू एक खोकं हलवलं नाहीस."

"ते वेगळं, वर्ना."

"हो ना, वेगळंच. हाड माझं होतं. नाक तुझं आहे." तिनं गाडीचं दार धाडकन उघडलं. "अंथरुणाला खिळले असते तर चाललं असतं तुला. चार म्हातारे नावं ठेवतील ते चालत नाही. एका दिवसात, डेल! इतकं सोपं होतं हे, आणि मी वर्षभर त्या बर्फात उभी होते!"

ती पुन्हा गाडीत बसली, मागे घेतली, आणि उतारावर, रस्त्यालगत, रस्त्यावरच्या दिव्याच्या ऐन उजेडात नेऊन लावली. किल्ली घेऊन घरात गेली.

"अगं, आता जागा आहे ना आत!"

"तुझ्या अब्रूला लाव तिथे. ऊब आहे," ती म्हणाली.

शनिवार-रविवार गाडी तिथेच राहिली आणि तिच्यावर बर्फ साचत गेला. रविवारी दुपारी फोन वाजला. ऑर्विलचा आवाज इतका मोठा की पलीकडच्या खोलीतल्या वर्नालाही ऐकू गेला, "काय रे, तुझ्या दारात ते कोरियन भांडं कुणाचं?"

"पाहुणे आलेत," डेल्बर्ट म्हणाला आणि त्यानं मान वळवली तर दारात वर्ना.

ती वळून स्वयंपाकघरात गेली. जेवण वाढलं, भांडी घासली, एका हातानं कढई धरताना तिचं मनगट दुखत होतं ते त्यानं पाहिलं. निदान त्या दिवशी तरी पाहिलं. झोपताना तिनं पाठ केली आणि दिवा घालवला. जन्मभर ज्याला टोमणे मारले त्याला आज एक टोमणाही मारावासा वाटत नाही, याची तिला भीती वाटली.

सोमवारी पहाटे ती कोट चढवून निघाली तर दारामागच्या खुंटीवर खरवडणी नव्हती. बाहेरून खरड-खरड आवाज येत होता. तिनं स्वयंपाकघराचा पडदा सारला. डेल्बर्ट पायजम्यावर कोट घालून निळ्या गाडीच्या काचेवर ओणवा झाला होता. उतारावर त्यानं मीठ टाकलेलं होतं, दारापासून गाडीपर्यंत.

नाक्यावरून ऑर्विलचा ट्रक आला. रोजच्यासारखा कॉफीला निघालेला. घरासमोर येऊन तो मंदावला, थांबला, खिडकी खाली झाली.

"काय रे, तुझी सर्दी बरी दिसते! पाहुणे गेले नाहीत अजून? आणि तू त्यांची गडीकामं करतोयस?"

डेल्बर्ट सरळ झाला. वर्नाला त्याची नुसती पाठ दिसत होती. कान लाल झालेले, थंडीनं म्हणा नाहीतर कशानं. त्यानं खरवडणीवरचा बर्फ झटकला. आता हा पुन्हा काहीतरी थाप मारणार असं तिला वाटलं आणि तिनं पडद्याचा काठ मुठीत धरला.

"पाहुणे नाहीत," तो म्हणाला. "वर्नाची गाडी आहे ती. मी तिला जागा दिली नाही म्हणून बाहेर आहे."

 खिडकी वर गेली आणि ट्रक निघून गेला, एरवीचा हॉर्न न वाजवता. आता त्या कॉफीच्या दुकानात दुपारपर्यंत दुसरा विषय नसणार, हे डेल्बर्टलाही ठाऊक होतं. तो वाकला आणि पुन्हा खरवडायला लागला.

वर्नाला वाटलं होतं, मित्रांपुढे याची जिरली की आपण पोट धरून हसू. तिनं डोळे कोटाच्या बाहीला पुसले, खिडकी ढकलून उघडली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "डेल! मागची काच राहिली!"