आधी तिला सांगा

वहिनी गेली.

‘सिरीयस’ नाही. ‘ॲडमिट केलंय, एकदा बघून जा’ नाही. आज सकाळी नारायणगावच्या दवाखान्यात, हार्ट अटॅकने, गेली.

एवढं स्पष्ट का लिहितेय, ते ज्यांना कळणार नाही त्यांच्यासाठी सांगते.

कारगिलचं साल. माझा दादा एअर फोर्समध्ये होता, हेलिकॉप्टरच्या मेंटेनन्सला. आमच्या बोरी गावात सगळ्यांना वाटायचं हा विमान चालवतो. ‘अरे, मी नुसते नट-बोल्टचे पाने फिरवतो,’ हे सांगून सांगून तो दमला. कोणी ऐकायचं नाही.

त्या दुपारी मी आणि वहिनी रानातून घरी आलो. चूल अजून पेटायची होती. वहिनी परातीत पीठ चाळत होती आणि तिची चार वर्षांची सोनू त्या पिठात बोटं घालून खेळत होती.

शेजारच्या हौसाकाकू दारात येऊन म्हणाल्या, “पोरींनो, आज चूल नका पेटवू. आमच्याकडनं भाकरी येतीया.”

आमच्याकडे ज्या घरातलं माणूस जातं, त्या घरात चूल पेटत नाही. शेजारचे जेवण आणतात. काकूंच्या हे इतकं अंगवळणी पडलेलं, की आम्हाला अजून कोणी काही सांगितलेलंच नाही, हे त्या विसरल्या.

वहिनी म्हणाली, “का? कोण गेलं?”

काकूंनी पदर तोंडाला लावला.

वहिनीने हात धुतले, सोनूला माझ्या कडेवर दिलं आणि चालायला लागली. मी तिच्या मागे.

मारुतीच्या देवळापुढे एअर फोर्सची जीप उभी. सभामंडपात दोन युनिफॉर्मवाले, हातात कपबश्या. भोवती गावातली सगळी जाणती मंडळी. आमचे वडील, अप्पा, खांबाला टेकून बसलेले. टोपी काढून हातात धरलेली.

अप्पांना चारचौघांत बिनटोपीचं मी कधी पाहिलं नव्हतं. मला तिथेच कळलं.

जीप सकाळीच आली होती. गावाने ती आमच्या दारापर्यंत येऊच दिली नव्हती. का, तर माहेरचं माणूस शेजारी असल्याशिवाय बाईला असलं काही सांगायचं नाही. बाई विहीर जवळ करते म्हणे. म्हणून लोणीला तिच्या भावाला आणायला गाडी पाठवलेली, आणि तोवर पाहुण्यांना चहावर चहा.

म्हणजे अख्ख्या गावाला माहीत. पानटपरीवर माहीत. तिला नाही.

एक जण उठले. “सूनबाई, तू घरी जा. तुजा भाऊ येऊ दे, मग बोलू.”

“भावाचं काय काम? नवरा माजा हाय.”



ती युनिफॉर्मवाल्यांसमोर जाऊन उभी राहिली. “तुमी कुणाकडं आलाय?”

त्यातले एक साहेब मराठी होते. त्यांनी कप खाली ठेवला, उठले, टोपी नीट केली. “तुमच्याकडेच, ताई.”

“मग मला सांगा.”

त्यांनी सांगितलं. दादाचं पूर्ण नाव घेऊन. सीमेजवळच्या हेलिपॅडवर तोफेचा गोळा पडला. दादा तिथे कामावर होता.

“लगीच गेले का ते?”

साहेबांनी एकदा गावकऱ्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “नाही, ताई. थोडा वेळ होते. आमचा एक जण त्यांचा हात धरून बसला होता.”

“खरं सांगितलं, बरं केलं,” ती म्हणाली.

आणि मग खाली बसली. त्या सगळ्या पुरुषांच्या मधोमध बसून मोठ्याने रडली. विहिरीकडे कोणी गेलं नाही.

संध्याकाळी भाऊ आला. त्याला तिनेच सांगितलं.

त्यानंतर वहिनी बिघडली, असं आमची भावकी म्हणते.

आसपासच्या गावात कुठे अशी गाडी आली असं कानावर आलं, की ही पिशवी उचलून निघायची. एकदा आम्ही दोघी डोंगरात, तळेघरच्याही पुढे गेलो. एसटी जिथे संपते तिथून चालत. सीमेवर गेलेल्या एका जवानाची म्हातारी आई ओट्यावर नाचणी पाखडत बसलेली, आणि अंगणातली माणसं कुजबुजत होती, ‘म्हातारीला सोसायचं नाय.’

वहिनी तिच्याशेजारी बसली. हात हातात घेतला. “आजी, तुमचा लेक गेला.”

म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “सकाळधरनं समदी माज्याशी लई गोड बोलत्यात. म्हनलं, कायतरी झालंया. तू सांगितलंस, बरं केलंस बाई.”

नातेवाइकांनी वहिनीला नाव ठेवलं, यमाची पोस्टमन. ही हसायची. “पोस्टमनला पगार तरी असतो,” म्हणायची.

आज सकाळी दवाखान्याच्या पायऱ्यांवर मामा, म्हणजे वहिनीचा तोच लोणीचा भाऊ, डोळे पुसत मला म्हणाले, “सोनूला नुसतं सिरीयस हाय म्हन. नाशिकवरनं एकटी येणार पोर. हितं आली की बघू.”

मामांची काळजी खरी होती, मान्य. तरी मला राग आला.

“मामा, त्या दिवशी सगळं गाव तुमची वाट बघत बसलं होतं. आज परत तेच करायचं?”

 मग मामा स्वतःच म्हणाले, “लाव फोन.”

“सोनू, तुझ्या शेजारी कोण आहे? मैत्रीण? बरं. बस खाली. आई गेली.”

 तिने विचारलं, “आत्या, अजून कोणाकोणाला माहितीय?”

“मी, मामा आणि डॉक्टर. गावात कोणालाच नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

मग ती रडली. मी फोन कानाला धरून बसले. शेवटी म्हणाली, “आता सांग गावाला.”

म्हणून ही पोस्ट. ‘असलं इथे टाकतात का’ म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं.

वहिनी, आधी तुझ्या लेकीला सांगितलं. मग गावाला.

जा आता निवांत.