छंदाच्या रकान्यातले सिनेमे

स्पर्धा परीक्षेच्या अर्जात छंदाचा रकाना असतो आणि तिथे ‘वाचन’ लिहायचं नाही, असं सीनियर्सनी बजावलं होतं. वाचन सगळेच लिहितात. मी बेधडक ठोकून दिलं, ‘परदेशी चित्रपट पाहणे’, आणि विसरून गेले. लेखी परीक्षा पास झाले तेव्हा ते भूत समोर उभं राहिलं. दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात मराठी अधिकारी आमच्यासारख्यांचे सराव-इंटरव्ह्यू घेतात. तिथे परदेशात नोकरी केलेल्या एका निवृत्त सरांनी विचारलं, “शेवटचा परदेशी सिनेमा कोणता पाहिलास?”

“सर, तो... साप माणसाला गिळतो तो. हिंदीतून. टीव्हीवर.”

अख्खं पॅनल हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा हा शेवटचा अटेम्प्ट होता. यानंतर वयाने दार बंद.

“पंधरा दिवस आहेत,” सर म्हणाले. “दिल्लीत राहतेस ना? परदेशांची सांस्कृतिक केंद्रं फुकट सिनेमे दाखवतात. जा. आणि फुकट का दाखवतात, तेही बघून ये.”

मी रूममेटला ओढलं. ती आमच्याच तालुक्याची, मुसलमान, डोक्याला कायम स्कार्फ, अभ्यासात माझ्या चार पावलं पुढे. तीही इंटरव्ह्यूला आलेली. तिची तारीख माझ्यानंतर चार दिवसांनी. “थाप तू मारलीस, शिक्षा मला का?” म्हणाली. पण सिनेमानंतर समोसे मिळतात कळल्यावर निमूट चपला घातल्या.

अहाहा, काय ते दिवस! वर्षानुवर्षं एकमेकांशी लढणारे दोन देश (नावं घेत नाही, दोघांचाही ज्यूस प्यायलेय), आणि दोघांचेही महोत्सव एकाच आठवड्यात. सोमवारी पहिल्याचा सिनेमा. बॉम्ब पडताहेत आणि शाळेतली बाई पोरांकडून पाढे म्हणून घेतेय. मी एवढी रडले की ओढणी पिळून काढावी लागली असती. दारात त्यांचा एक मोठा अधिकारी प्रत्येकाशी हात मिळवत होता. मी त्या दुसऱ्या देशाला शिव्या घालतच बाहेर पडले. गुरुवारी त्या दुसऱ्याचा सिनेमा. उद्ध्वस्त गावात एक म्हातारा पोस्टमन रोज पत्रं घेऊन जातो, घरं उरली नाहीत तरी जातो. पुन्हा रडले! तेवढीच!

“सोमवारी यांनाच शिव्या देत होतीस ना? तू कोणाच्याही बाजूने रडतेस यार,” मैत्रीण म्हणाली.

मी बसस्टॉपवर अक्षरशः उडी मारली. सापडलं! वही काढून तिथेच उभ्याने लिहायला लागले. लहान पोर, म्हातारा, एकटं व्हायोलिन. शत्रूचा चेहरा जवळून दाखवायचा नाही. दोन्हीकडे हेच! दुःख दोघांचंही खरं असेल, पण कॅमेरा कुठे ठेवायचा हे कोणीतरी ठरवलं होतं, आणि मी दोनदा गंडले होते. इतका आनंद मला लेखी परीक्षेच्या निकालाचाही झाला नव्हता.

आता आपलाही एक युद्धपट तपासायचा, असं ठरलं. इंटरव्ह्यूसाठी साधे कुर्ते घ्यायला आम्ही सरोजिनी नगरला गेलो होतो, तिथूनच जवळच्या थिएटरात शिरलो. मी वही-पेन सरसावून बसले. दहा मिनिटं लिहिलं. मग हिरोने खंदकातून उडी मारली आणि मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी! पेन कुठे पडलं, पत्ता नाही. टाळ्या पिटता पिटता शेजारी बघितलं. मैत्रीणही जोरजोरात टाळ्या वाजवत होती, पण तिचे डोळे पडद्यावर नव्हते. ती पुढच्या रांगेतल्या लोकांचे हात बघत होती. ते थांबले की ही थांबायची, एक टाळी जास्त वाजवून.

बाहेर आल्यावर मी विचारलंच.

“मी नाही वाजवल्या तर लोक पडदा सोडून माझ्या स्कार्फकडे बघतात,” ती म्हणाली. “सातवीत शाळेने सिनेमाला नेलं होतं, तेव्हाच कळलं. आता सवय झालीय. चल, मोमो खाऊ.”

इंटरव्ह्यूत अध्यक्ष मॅडमनी छंदावरच बोट ठेवलं. मी दोन देश, दोन रडणी, सगळं सांगितलं. बोर्ड खळखळून हसला. माझी भीड चेपली. मग मॅडम म्हणाल्या, “आणि आपले सिनेमे?” पाठ केलेले मुद्दे होते, पण ते कोणाला हवेत! मी मैत्रिणीचं सांगितलं. आमच्याच तालुक्याची, माझी रूममेट, याच वर्षी इंटरव्ह्यूला आलेली, तिचा स्कार्फ, तिची ती जास्तीची टाळी. मॅडमनी चष्मा काढला. कोपऱ्यातले गप्प सदस्य पुढे सरकले. मला तिथेच कळलं, जमलं! बाहेर फुटपाथवरून घरी फोन लावला आणि ओरडले, “बाबा, फोडलं!” येणारे-जाणारे वळून बघत होते, बघू देत. मेट्रोत बसवेना, उभ्यानेच आले.

मैत्रीण कुर्त्याला इस्त्री करत होती. मी एका दमात सगळं सांगितलं. तिचं आलं तेव्हा तर मी मॅडमची नक्कलही करून दाखवली. तिने इस्त्री बंद केली.

“कोणता बोर्ड होता?”

मी सांगितलं.

“बोर्ड बरेच असतात, आपला कोणता ते त्याच दिवशी कळतं. मलाही तोच येऊ शकतो.”

“अगं, पण मी तुझं नाव नाही घेतलं!”

“नाव कशाला हवंय? तालुका, हा पत्ता, सगळं माझ्या अर्जात आहे. दारातून आत गेले की ओळखतील.” तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. “आता त्यांनी मला देशाबद्दल काही विचारलं आणि मी अगदी मनापासून बोलले, तरी त्यांना वाटणार, ही टाळ्या वाजवतेय.”