पैनगंगेकाठचे बिनकामाचे तिघे

पंक्चरवरचं सोल्युशन वाळेपर्यंत गिऱ्हाईक काहीतरी सांगतंच. चौथीतून शाळा सोडून मी आदिलाबादला सायकलच्या दुकानात लागलो, तेव्हापासून असे किस्से साठत गेले. आमचा स्वतःचा मात्र मी कधी सांगितला नाही.

दर रविवारी शाळेतले मास्तर, दवाखान्यातले कंपाउंडर बाबाराव आणि मी पैनगंगेकाठच्या एका वाडीला सायकलने जायचो. सायकली झाडाला टेकवायच्या आणि काठाने पायी फिरायचं, बस.

पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्याने विचारलं, "पायी काऊन चालून राह्यले? सायकली बिघडल्या काय?"

मास्तर म्हणाले, सहज. म्हाताऱ्याचा चेहराच उतरला. हैदराबाद राज्य मोडून नव्या हद्दी आखणार, असं तेव्हा जो तो बोलत होता, आणि त्याने आम्हाला हद्द मोजणारे साहेब धरलं. आम्ही सरकारी नाही, असं मास्तरांनी शपथेवर सांगितलं. म्हातारा म्हणाला, "मोठे साहेब असंच म्हणतेत."

*

मास्तरांना डॉक्टरांनी रोज हजार पावलं चालायला सांगितली होती. ते मोठ्याने मोजत चालायचे. पुढच्या रविवारी बघतो तर काय, त्यांचं हजारावं पाऊल पडलं होतं तिथे चुना फासलेला दगड रोवलेला! गुराखी गुरांना वळसा घालून नेत होता. पलीकडे आता दुसरं राज्य, असं त्यानेच आम्हाला समजावलं.

*

वाडीच्या पाटलांनी बाबारावांना बाजूला नेलं. शेत ह्याच राज्यात राहू द्या म्हणाले आणि हँडलला वांग्यांची पिशवी अडकवली. बाबारावांनी ती घरी नेली! मी टोकलं, तेव्हा म्हणतात कसे, "अरे, शेत कुठं जाऊन राह्यलं?"

*

गंगूमावशीची लेक नदीपलीकडे दिलेली. निजामाच्या वेळी नाक्यावर मावशीचं गाठोडं सोडून बघत, लेकीच्या लुगड्यावरही जकात घेत. नाका उठला आणि मावशी दर आठवड्याला पलीकडे जाऊ लागली. आता पुन्हा रेषा येणार, म्हणून तिने मलाच धरलं.

"बाबू, मले लेकीच्या बाजूनं टाक."

मी पंक्चर काढणारा आहे, असं सांगून मी मास्तरांकडे बोट दाखवलं. मास्तर हसत म्हणाले, "मावशी, रेषा नदीवरच राहील. नदी काय हलते थोडीच?"

मावशी "बरं" म्हणाली आणि आत गेली.

पंधरा दिवसांनी गेलो, तर मावशीचं घर नव्हतं. कूड, वासे, छपराचं गवत, काहीच नव्हतं. नुसती चूल आणि खांबांचे चार खड्डे. मास्तर नदीकडे धावले.

पलीकडच्या काठावर एक छप्पर उभं होतं. त्याखालून मावशीने आम्हाला ओळखलं आणि पाण्यावरून हाक दिली.

"आली मी इकडं. आता नदी हलवू नका, साहेब!"