भिंतीवरची वीस मिनिटे

नव्वदीच्या सुरुवातीला परभणीत आमच्या घरी थोरल्या भावाने जुना कॉम्प्युटर आणला. एका शिकवणीच्या प्रश्नपत्रिका तो त्यावर टाइप करी. त्या यंत्रात वेळ जपणारी बॅटरी नव्हती. बंद केले की घड्याळ पुसले जाई आणि सुरू करताना ते तारीख-वेळ विचारी. भाऊ आपले मनगटी घड्याळ रेडिओच्या बातम्यांशी जुळवून ठेवी आणि तीच वेळ भरी. वेळ बरोबर असली की फाईल जतन केल्याच्या वेळेवरून आपल्या माघारी यंत्राला कोणी हात लावला का ते कळते, असे त्याचे म्हणणे.

वहिनीचा धाकटा भाऊ त्याच शिकवणीला होता. एका चाचणीत त्याला कधी नव्हे इतके गुण पडले. माझ्या भावाने त्या प्रश्नपत्रिकेची फाईल तपासली. शेवटची जतन केल्याची वेळ साडेपाच. त्या संध्याकाळी तो सव्वापाचलाच पालमची एसटी गाठायला घरातून निघाला होता. आई देवळात, मी वर्तमानपत्राच्या कचेरीत. घरी वहिनी एकटी.

त्याने तिला बोलावले. मी दारातच होतो.

"तुझा भाऊ लय हुशार व्हायलाय हल्ली."

"अभ्यास करायलाय. वाईट हाय का?"

"मी गेल्यावर फाईल कुणी उघडली?"

"मला त्याचं बटन बी ठाव न्हाई."

"मशीन खोटं बोलत न्हाई."

वहिनी यंत्राच्या पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी तुमचं घड्याळ दुरुस्तीला होतं. मशीनला टाइम कुठला सांगितला?"

भावाने भिंतीकडे पाहिले. एसटी चुकू नये म्हणून आई तिथले घड्याळ कायम वीस मिनिटे पुढे ठेवी. घरात प्रत्येक जण ती मनातल्या मनात वजा करी. त्या दुपारी यंत्रात वेळ भरताना भावाने ती वजा केली नव्हती. फाईलवरचे साडेपाच म्हणजे खरे पाच वाजून दहा मिनिटे. निघण्याआधी त्यानेच ती जतन केली होती.

स्टुलावर चढून त्याने घड्याळ बरोबर केले. संध्याकाळी आईने ते पुन्हा पुढे केले. "गाडी चुकली तर तुझं मशीन सोडायला येनार हाय का पालमला?"

पुढच्या खेपेला भाऊ निघाला तेव्हा वहिनीने कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप लावले आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

"न्या संगं. तुमच्या माघारी त्याचा टाइम काय बी होऊ द्या."

भावाने किल्ली खिशात टाकली. जाता जाता त्याने कुलूप एकदा ओढून पाहिले.